कॅरिक, ग्लासनर की इराओला? इंदूरच्या युनायटेडवाल्यांसाठी एक तुलना

मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा पुढचा कायमचा मॅनेजर कोण, यावरून इंदूरमधल्या आम्हा मराठी युनायटेडवाल्यांत सध्या सरळ तीन तट पडलेत. रामबागेतले बहुतेक जण म्हणतात, जानेवारी २०२६ मध्ये हंगाम संपेपर्यंत म्हणून आणलेल्या कॅरिकलाच कायम करा. सुदामानगरची मंडळी क्रिस्टल पॅलेसच्या ऑलिव्हर ग्लासनरच्या मागे आहेत. तिसऱ्या, जरा लहान गटाला बोर्नमथचा आंदोनी इराओला हवा आहे आणि मी त्या गटात आहे. सामना संपल्यावर सराफ्यात भुट्ट्याचा कीस हातात घेऊन हा वाद रात्री एकपर्यंत चालतो. ज्यांनी अजून कुणाची बाजू धरलेली नाही त्यांच्यासाठी ही तुलना. २०२६ च्या उन्हाळ्यात हा निर्णय पुन्हा चुकला तर आणखी दोन वर्षं वाया जातील, म्हणून नीट विचार करायला हवा.

आधी ही खुर्ची कशी भरली जाते ते बघा. मॅनेजर फर्ग्युसन मे २०१३ मध्ये इंग्लंडच्या लीगची १३ विजेतेपदं जिंकून निवृत्त झाला. त्यानंतर मोयेस, व्हान खाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग आणि अमोरिम असे सहा कायमचे मॅनेजर आले नि गेले, पण लीग एकदाही मिळाली नाही. मोयेसला तर सहा वर्षांचा करार दिला होता, तो दहा महिनेही टिकला नाही. प्रत्येक वेळी आधीच्या माणसात जे नव्हतं ते पुढच्यात शोधलं गेलं. मोयेसजवळ मोठं नाव नव्हतं म्हणून व्हान खाल. मोरिन्योने ड्रेसिंग रूम नासवली म्हणून हसतमुख सोल्शार. तो फार मवाळ वाटला म्हणून शिस्तीचा टेन हाग. त्याचा खेळ कसा ते कुणालाच उमगेना म्हणून ठाम पद्धतीचा अमोरिम. हातात कोणते खेळाडू आहेत आणि ते कुणाच्या हाताखाली चांगले खेळतील, हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला.

लिव्हरपूलचं कौतुक करताना जीभ जड होते, पण त्यांनी हाच प्रश्न आधी सोडवला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा मॅनेजर क्लॉप याने जात असल्याचं जाहीर केलं तेव्हा त्यांच्या चाहत्यांना झाबी अलोन्सो हवा होता. मार्चअखेर त्याने जर्मनीच्या लेव्हरकुसेनमध्येच राहणार असं सांगितलं. बातम्यांत अमोरिमचंही नाव होतं. क्लबने निवडला हॉलंडच्या फेयेनूर्दचा आर्ने स्लॉट, ज्याचं नाव इकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. चार जणांची बचावफळी, चेंडू गेला की लगेच दबाव, दोन्ही बाजूंना विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारे खेळाडू: क्लॉपच्या खेळाडूंना हे सगळं सवयीचं होतं. त्या उन्हाळ्यात लगेच खेळवता येईल असा कियेझा हा एकच खेळाडू घेतला, तोही फारसा खेळला नाही. तरी पहिल्याच हंगामात ८४ गुणांसह लीग जिंकली.

त्याच हंगामात, नोव्हेंबरमध्ये, युनायटेडने अमोरिमला आणलं. त्यासाठी स्पोर्टिंगला सुमारे १ कोटी १० लाख युरो मोजले. माणूस कर्तबगार होता यात शंका नाही. स्पोर्टिंगला त्याने १९ वर्षांनंतर पोर्तुगालची लीग जिंकून दिली होती. पण त्याचा खेळ मागे तीन बचावपटू आणि दोन्ही कडांना विंग-बॅक, म्हणजे बचाव आणि हल्ला दोन्हीसाठी कड सांभाळणारे, असा, आणि आपल्याकडे रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी, अमाद अशी विंगरांची रांग. डावीकडे खरा विंग-बॅक म्हणावा असा दोर्गू जानेवारीत आला. लीगमध्ये पंधरावं स्थान, ४२ गुण. वर बिल्बाओला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून हार. जानेवारी २०२६ मध्ये तोही गेला.

म्हणून या तिघांना मी सगळ्यात आधी एकच कसोटी लावतो: आहे हाच संघ घेऊन हंगामाच्या पहिल्या शनिवारी कोण उभा राहू शकतो?

मायकेल कॅरिक

या कसोटीवर कॅरिक पहिला येतो, हे मान्य करायलाच हवं. हंगाम संपेपर्यंत म्हणून त्याला आणलं आणि त्याने आल्या आल्या चार बचावपटू मागे ठेवले, ब्रुनो फर्नांडिसला त्याच्या हक्काच्या जागी, स्ट्रायकरच्या मागे नेलं आणि अमोरिमने बाकावर बसवलेल्या कॉबी मेनूला पुन्हा मधल्या फळीत उभं केलं. मँचेस्टर सिटीविरुद्ध २-० आणि लगेच आर्सेनलच्या मैदानावर ३-२. त्या दोन विजयांनी वर्षभराचा कोंडलेला श्वास मोकळा झाला. मेनूबद्दल तर विशेष. ऑक्टोबर १९३७ पासून प्रत्येक सामन्याच्या चमूत आपल्या अकादमीचा किमान एक खेळाडू असतोच, ही या क्लबची खरी मिरास आहे. खेळाडू म्हणून युनायटेडमध्ये १२ वर्षं काढलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

मग माझी अडचण काय? मार्च २०१९. सोल्शारनेही हंगामी म्हणून १९ पैकी १४ सामने जिंकले होते, पॅरिसमध्ये पीएसजीला ३-१ ने हरवलं होतं, आणि आपण सगळ्यांनी ‘त्यालाच द्या’ असा घोष केला होता. २८ मार्चला त्याला तीन वर्षांचा करार मिळाला. पुढच्या १० सामन्यांत फक्त २ विजय. सोल्शार वाईट नव्हता, एकदा तिसरा आणि एकदा दुसरा आला. पण घुसमट संपल्याचा जो पहिला जोर असतो, त्या जोरावर क्लबने दीर्घकाळाचा निर्णय घेतला. तो जोर ओसरल्यावर संघ कसा सावरायचा याची कसोटी त्याच्यावर आधी कधी लागलीच नव्हती.

कॅरिकवर ती लागली आहे, आणि निकाल संमिश्र आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने दुसऱ्या श्रेणीत एकविसाव्या स्थानावरचं मिडल्सब्रो हातात घेतलं आणि चौथ्या स्थानावर नेलं, हे मोठंच काम. पण वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्ले-ऑफमध्ये कोव्हेंट्रीकडून हरल्यानंतर पुढचे दोन हंगाम आठवा आणि दहावा. जून २०२५ मध्ये त्याला काढलं. प्रतिस्पर्ध्यांनी त्याचा खेळ ओळखल्यावर दुसरा डाव काय, याचं उत्तर तिथे मिळालं नाही.

‘घरचा माणूस’ म्हणजे काय हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. २०२२ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. त्याच बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर १९९८-९९ चा अंतिम सामना ते मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून हरले होते. म्हणजे ते घरचे होते. पण परत आले ते मुंबईला आणि मग विदर्भाला सलग दोनदा रणजी जिंकून देऊन. खेळाडू इथलेच, रजत पाटीदार आपल्या इंदूरचाच, पण जिंकायचं कसं हे पंडित बाहेरून शिकून आले होते. घरच्या ओढीला बाहेरच्या यशाची जोड मिळाली आणि करंडक आला. कॅरिककडे ओढ पूर्ण आहे, जोड अर्धी आहे.

ऑलिव्हर ग्लासनर

ग्लासनरवाल्यांचा मुद्दा तोंडात मारणारा आहे: करंडक दाखवा. जर्मनीच्या फ्रँकफर्टसह २०२२ ची युरोपा लीग. क्रिस्टल पॅलेससह मे २०२५ ची एफए कप, तीही अंतिम सामन्यात सिटीला १-० ने हरवून, आणि तो पॅलेसच्या इतिहासातला पहिलाच मोठा करंडक. त्याच उन्हाळ्यात कम्युनिटी शील्डमध्ये लिव्हरपूलला पेनल्टीवर हरवलं. बाकी दोघांकडे मॅनेजर म्हणून असं काही नाही.

पण तो पॅलेसला ज्या मांडणीत खेळवतो ती जवळजवळ अमोरिमचीच आहे: मागे तीन, पुढे दोन दहा नंबरी (स्ट्रायकरच्या मागे खेळणारे), वर एक. पॅलेसकडे उजवीकडे मुन्योज आणि डावीकडे मिचेल, नव्वद मिनिटं धावणारे. आपल्याकडे तसे नाहीत हे आपण वर्षभर पाहिलं. शिवाय पॅलेसला चेंडू नको असतो. एफए कपच्या त्या अंतिम सामन्यात चेंडू बहुतेक वेळ सिटीकडेच होता, पॅलेसने वाट पाहिली आणि एझेने एकाच हल्ल्यात काम केलं. आपल्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डला, येणारे पाहुणे दहा जण मागे लावून बसतात. तिथे वाट पाहून काय होणार?

याला सुदामानगरकडून उत्तर येतं की जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गमध्ये तो चार बचावपटूंसह खेळवायचा. खरं आहे, २०२०-२१ मध्ये तसा खेळून त्याने बुंडेसलीगात चौथं स्थान आणि चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळवलं. म्हणजे त्याला जमतं. पण मग आपण गेल्या काही वर्षांतल्या यशासाठी त्याला घेणार आणि खेळायला लावणार त्याआधीच्या पद्धतीने. हा हिशेब मला पटत नाही.

आणखी एक. युनायटेडमध्ये आता पद ‘हेड कोच’चं आहे. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत फुटबॉल संचालक विल्कॉक्स आणि वरच्यांचा शब्द चालतो, आणि अमोरिमचं बिनसलं त्यात याचाही वाटा होता. ग्लासनर तर पॅलेसचे खेळाडू विकले गेल्यावर क्लबविरुद्ध जाहीर बोलला. त्याचं म्हणणं बरोबर असेल, पण हाच संसार इथे किती दिवस टिकेल?

आंदोनी इराओला

बोर्नमथचं मैदान जेमतेम ११ हजारांचं. गॅरी ओ’नीलने संघ प्रीमियर लीगमध्ये टिकवला होता तरी क्लबने त्याला काढून २०२३ मध्ये इराओलाला आणलं. पहिल्या नऊ लीग सामन्यांत एकही विजय नाही. मालकांनी धीर सोडला नाही. हंगाम ४८ गुणांवर संपला, पुढचा ५६ गुणांवर आणि नवव्या स्थानावर. दोन्ही वेळा प्रीमियर लीगमधला क्लबचा गुणांचा विक्रम.

मला त्याच्याकडे खेचलं ते त्यानंतरच्या उन्हाळ्याने. २०२५ मध्ये हाउसन रेआल माद्रिदला गेला, केर्केझ लिव्हरपूलला, झाबार्नी पीएसजीला. चार जणांच्या बचावफळीतले तीन एकदम गेले. पुढे जानेवारीत सेमेन्योही सिटीला गेला. ज्याच्या हाताखाली खेळाडू इतके सुधारतात की मोठे क्लब रांग लावतात, आणि ते गेल्यावर जो नव्यांना घेऊन पुन्हा उभा राहतो, तो माणूस मला हवा आहे. आपल्याकडे उलट होत आलंय: महाग घ्यायचं, बिघडवायचं आणि उसनं द्यायचं.

खेळाडूंच्या बाबतीतही जमतं. तो चार बचावपटू आणि खरे विंगर वापरतो. आपल्या म्बेमो, कुन्या, अमाद यांना त्याच्या खेळात जागा शोधावी लागणार नाही. पुढे सेस्कोसारखा उंच, वेगवान स्ट्रायकर त्याच्या थेट खेळाला पोषकच. आणि ओल्ड ट्रॅफर्डवर काय करायचं हे त्याने आपल्यालाच दाखवलंय: डिसेंबर २०२३ मध्ये ३-०, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा ३-०, डिसेंबर २०२५ मध्ये ४-४.

आता त्याच्या विरोधात जे आहे ते नीट ऐका, कारण ते किरकोळ नाही. मोठा करंडक नाही. बोर्नमथ कधी युरोपात खेळलं नाही, त्यामुळे मंगळवारी माद्रिद आणि शनिवारी एव्हर्टन अशी ओढाताण त्याने या पातळीवर कधी सांभाळली नाही. त्याचा खेळ माणसाला माणूस लावून, सतत धावत. ब्रुनो ३१ चा झाला, मॅग्वायर ३३ चा. मधली फळी तरुण केल्याशिवाय हा खेळ मे महिन्यापर्यंत टिकणार नाही. आणि त्याच्या संघांना लहर लागते. २०२५-२६ च्या हिवाळ्यातही बोर्नमथ बराच काळ विजयाविना होतं. बोर्नमथमध्ये ते खपलं. इथे तीन पराभवांनंतर माजी खेळाडू टीव्हीवर बसून पंचनामा सुरू करतात, आणि खरं सांगायचं तर आपलेही मोबाईल गप्प राहत नाहीत.

चौथं नाव पोचेटिनोचं येतं. २०१९ मध्ये तो यायला हवा होता. आता तो अमेरिकेच्या संघासोबत आहे आणि विश्वचषक १९ जुलैपर्यंत चालतो, म्हणजे हंगामपूर्व तयारीचा अर्धा काळ गेला. त्याच्यावर वेळ घालवू नका.

माझं मत इराओलाला, एका अटीवर: क्लबने त्याला मधल्या फळीत दोन तरुण, धावणारे खेळाडू जुलै संपायच्या आत द्यावेत आणि पहिल्या डिसेंबरपर्यंत गुणतक्त्याकडे बघून निर्णय घेऊ नये. ही अट पाळली जाणार नाही असं वाटत असेल, तर कॅरिकला मत द्या, कारण तो निदान आहे त्या खेळाडूंना त्यांच्या जागी खेळवतो. मात्र करार दोन वर्षांचा आणि तोही शेवटच्या सामन्यानंतर, मार्चमध्ये नाही. ग्लासनर माझ्या यादीत तिसरा. तो वोल्फ्सबुर्गच्या पद्धतीने खेळवणार आहे असं स्वतः म्हणाला, तर दुसरा. त्याचा आणि इराओलाचा, दोघांचेही करार या उन्हाळ्यात संपतात, त्यामुळे भरपाईच्या रकमेची सबब या खेपेला कुणी सांगू नये.