लघवीची सततची घाई: व्यायाम, गोळी की इंजेक्शन?

दिवसातून आठ-दहा वेळा लघवीला जावे लागणे, रात्री दोन-तीनदा झोपमोड होणे आणि एकदा कळ आली की न्हाणीघरापर्यंत पोहोचेतो धीर न निघणे, अशी तक्रार असलेल्या स्त्रीच्या तपासणीत जंतुसंसर्ग, मधुमेह किंवा मूतखडा आढळला नाही, तर डॉक्टर बहुधा ‘ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर’, म्हणजे अतिसक्रिय मूत्राशय, असे निदान करतात. त्यानंतर मूत्राशयाला वळण लावणे, जुन्या प्रकारच्या गोळ्या, मिराबेग्रॉन ही नवी गोळी आणि बोटॉक्सचे इंजेक्शन यांतून निवड करायची असते. जळजळ, ताप किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर मात्र ही तुलना बाजूला ठेवून आधी तपासण्या पूर्ण कराव्यात. खोकताना किंवा शिंकताना लघवी सुटणे ही वेगळी तक्रार आहे, आणि पुढे सांगितलेल्या गोळ्यांचा तिच्यावर उपयोग होत नाही.

निवड करण्यापूर्वी तीन दिवसांची नोंदवही ठेवावी, असा माझा आग्रह आहे. किती वाजता गेलो, मोजपात्रात किती मिलिलिटर लघवी झाली आणि काय प्यायलो, एवढेच लिहायचे असते. निरोगी मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते आणि पहिली जाणीव १५० ते २०० मिलिलिटरच्या सुमारास होते. प्रत्येक खेपेला जेमतेम १०० मिलिलिटर होत असेल, तर घाई मूत्राशयाची आहे. प्रत्येक वेळी ४०० आणि दिवसाकाठी तीन लिटर होत असेल, तर पिण्याचे प्रमाण किंवा रक्तातील साखर तपासायला हवी, कारण तेथे मूत्राशयाची कोणतीही गोळी कामाची नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध चालू असल्यास ते घेण्याची वेळ बदलता येईल का, हेही डॉक्टरांना विचारावे.

मूत्राशयाला वळण लावण्याच्या पद्धतीत दोन खेपांमधले अंतर दर आठवड्याला थोडे वाढवत तीन-चार तासांपर्यंत न्यायचे असते. कळ आली की धावायचे नाही. जागच्या जागी थांबून किंवा बसून ओटीपोटाच्या तळाचे, म्हणजे लघवी रोखून धरताना आवळले जाणारे, स्नायू पाच-सहा वेळा झटकन आवळायचे, कारण हे स्नायू आवळले की मूत्राशयाचे आकुंचन आपोआप मंदावते. कळ ओसरल्यावर शांतपणे चालत जावे. याला किमान सहा आठवडे द्यावे लागतात. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडलेले याच स्नायूंचे व्यायाम जोडीला करायचे असतील, तर दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचने, असे तीन महिने चिकाटीने करावे लागतात. ‘व्यायाम करून पाहिले, गुण आला नाही’ असे सांगणाऱ्या अनेकींना ते कोणी शिकवलेलेच नसतात. पोट आत ओढणे, श्वास रोखणे किंवा रोज लघवी मध्येच थांबवून पाहणे म्हणजे हा व्यायाम नव्हे. फिजिओथेरपिस्टकडे एकदा तरी तपासून घेणे म्हणूनच गोळीच्या पाकिटापेक्षा मोलाचे ठरते.

या पर्यायाची खरी अडचण दिनक्रमाची आहे. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलच्या डब्यात स्वच्छतागृह नसते, त्यामुळे प्रवास करणारी स्त्री निघण्यापूर्वी ‘असू दे म्हणून’ जाऊन येते आणि दुपारपर्यंत पाणी टाळते. पहिल्या सवयीने मूत्राशयाला थोड्याच लघवीवर रिकामे होण्याची सवय लागते. दुसरीमुळे दाट झालेली लघवी त्याला चाळवते. पाणी तोडण्याऐवजी चहा-कॉफी कमी करून आणि बद्धकोष्ठ दूर करून अधिक फायदा होतो.

गोळ्यांमध्ये ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन आणि सॉलिफेनॅसिन ही जुनी औषधे मूत्राशयाच्या स्नायूला मिळणारा आकुंचनाचा संदेश अडवतात. ती तुलनेने स्वस्त आहेत, पण तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होते, कधी नजर धूसर होते. कोरड पडली म्हणून बाई जास्त पाणी पिते आणि खेपा पुन्हा वाढतात, हा गमतीचा नव्हे तर नेहमीचा प्रकार आहे. अरुंद कोनाच्या काचबिंदूत ती टाळतात. दीर्घकाळ घेतल्यास स्मृतिभ्रंशाशी त्यांचा संबंध अभ्यासांत आढळला आहे. त्या गोळ्यांमुळेच तो होतो हे सिद्ध झालेले नसले, तरी पासष्टीपुढच्या स्त्रीने, विशेषतः नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यावर देतात ते अॅमिट्रिप्टिलीनसारखे औषध आधीच चालू असताना, त्या पहिल्या पसंतीत धरू नयेत असे मला वाटते.

मिराबेग्रॉनला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. ते मूत्राशय भरत असताना स्नायू सैल ठेवते. गुण जुन्या गोळ्यांइतकाच येतो, कोरड मात्र फारशी पडत नाही. किंमत अधिक असते आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो १८०/११० किंवा त्याहून अधिक असून आटोक्यात नसल्यास हे औषध देत नाहीत. रक्तदाबाचे मेटोप्रोलॉल हे औषध चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दोन्ही प्रकारांत परिणाम कळायला चार ते आठ आठवडे लागतात, सरासरी फायदा माफक असतो आणि गोळी थांबवल्यावर तक्रार बहुधा परतते. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचाही उपयोग होऊ शकतो.

स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सची १०० युनिटे दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत टोचतात आणि परिणाम साधारण सहा महिने किंवा थोडा अधिक टिकतो. काहींना त्यानंतर लघवी पूर्ण होत नाही आणि काही काळ स्वतः नळी घालून ती काढावी लागते, जंतुसंसर्गही वाढतो. ज्यांची ही तयारी नाही, त्यांच्यासाठी घोट्याजवळच्या नसेला बारीक सुईतून सौम्य विद्युत उद्दीपन देण्याची पद्धत आहे. तिच्यासाठी बारा आठवडे, आठवड्यातून एकदा, अर्धा तास दवाखान्यात बसावे लागते, आणि ही सोय आपल्या गावाजवळ आहे का, याची चौकशी आधीच करून ठेवावी.