ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेची नोकरी : अनुभव आणि अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील एका धर्मादाय रुग्णालयात मी परिचारिका आहे. तेथे नोकरी आणि घर यांचा मेळ कितपत बसतो, असे अर्ज करणाऱ्या मुली विचारतात, म्हणून हे लिहीत आहे. पगार बेताचा आहे आणि निवासाच्या खोल्या मे महिन्यात भट्टीसारख्या तापतात. तरीही माणसे टिकून राहतात, त्याचे कारण ड्यूटीचे पत्रक हे आहे.

सकाळ आणि दुपार सहा-सहा तासांची व रात्र बारा तासांची, ही पद्धत इतर अनेक ठिकाणी असते तशीच आहे. फरक एवढाच की, पुढच्या महिन्याचे पत्रक चालू महिना संपण्यापूर्वी लागते आणि इन्चार्ज सिस्टर ते परस्पर बदलत नाहीत. ज्यांच्या गावची शेवटची एसटी दुपारपाळी सुटण्याआधीच निघून जाते, त्यांना ती पाळी शक्यतो लावली जात नाही, आणि लावलीच तर संस्थेची गाडी घरापर्यंत सोडते. रात्रपाळ्यांनंतरच्या सुट्टीत कामाचा फोन येत नाही. पोळा आणि तान्हा पोळा ज्यांना घरी हवा असतो, त्यांनी महालक्ष्म्यांना ड्यूटी करावी, असा अलिखित करार आहे. त्यावरून दरवर्षी भांडणे होतात, पण ती पत्रक लागण्यापूर्वीच मिटतात.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे रुग्ण येतात, त्याच काळात सर्पदंशाचेही वाढतात. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, ते येथे कोणी विसरलेले नाही. कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचे औषध सुरू असताना नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या आणि छातीतील घरघर वारंवार तपासावी लागते. अशा वेळी संपूर्ण वॉर्ड एकटीवर सोपवणे धोक्याचे असते. म्हणून या महिन्यांत रात्रपाळीला एक जादा परिचारिका दिली जाते. मात्र त्यासाठी रजा आखडल्या जातात, आणि नेमके तेव्हाच आमच्यापैकी अनेकींच्या घरी सोयाबीन काढणीला आलेले असते. या अडचणीवर व्यवस्थापनाला अजून तोड सापडलेली नाही.

प्रसूती रजेबाबत तक्रार नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यानेच मिळते, आणि ती येथे मागे न लागता मंजूर होते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक आहे. तेही आहे, पण संध्याकाळी सहाला बंद होते. दुपारपाळीच्या आईला त्याचा अर्धाच उपयोग होतो आणि रात्रपाळीच्या आईला मुळीच नाही. ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते.

वर सांगितलेल्या सोयी रुग्णालयाने थेट नेमलेल्यांनाच लागू आहेत. ठेकेदारामार्फत आलेल्या मावशी आणि सफाई कामगार यांना आदल्या दिवशीसुद्धा पाळी कळेलच याची खात्री नसते. त्यामुळे मुलाखतीला येणाऱ्यांनी नेमणूकपत्रावर सही रुग्णालयाची आहे की ठेकेदाराची, हे रुजू होण्यापूर्वी वाचून घ्यावे, आणि लहान मूल असल्यास पाळणाघराची वेळ तेव्हाच विचारावी.