हायब्रिड सर्च: कित्येक महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

यंत्रांची मॅन्युअल्स, दुरुस्तीच्या नोंदी आणि जुने अहवाल अशा मोठ्या साठ्यावर मी गेले कित्येक महिने हायब्रिड सर्च चालवतोय. एकाच प्रश्नावर दोन शोध होतात: शब्दाला शब्द जुळवणारा बीएम२५ आणि अर्थाची जवळीक बघणारा व्हेक्टर सर्च. दोन्ही हवेतच, याबद्दल आता शंका उरलेली नाही. खरी मेहनत आहे ती त्यांची सांगड घालण्यात.

‘पंप गरम होतो’ असं विचारलं, की व्हेक्टर सर्च ‘तापमान मर्यादेबाहेर’ असं लिहिलेला परिच्छेद शोधून आणतो. बीएम२५ला ते जमत नाही. स्टेमर (शब्दाचे प्रत्यय काढून मूळ रूप ठेवणारं साधन) नसेल तर त्याला ‘पंप’ आणि ‘पंपाला’सुद्धा वेगळे वाटतात. पण ‘ई-४०७’ असा एरर कोड टाकला, की व्हेक्टर सर्च ई-४०१, ई-४७० अशी सगळी भावंडं पुढे करतो आणि नेमकं पान बीएम२५ काढतो. नव्वदच्या दशकातली ही पद्धत आजही इतकी कामाची आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

दोघांचे स्कोअर थेट एकत्र करता येत नाहीत. व्हेक्टर सर्चचा स्कोअर, म्हणजे अर्थाची जवळीक मोजणारा कोसाइन, १च्या पुढे जात नाही, बीएम२५ला तशी ठरलेली मर्यादा नाही. म्हणून आरआरएफ (रेसिप्रोकल रँक फ्युजन), म्हणजे दोन याद्या क्रमांकांवरून एक करण्याची पद्धत. कॉर्मॅक, क्लार्क आणि ब्युटशर यांनी २००९ साली मांडलेली ही पद्धत फक्त क्रमांक बघते: प्रत्येक यादीतून १ भागिले (६० अधिक क्रमांक), मग बेरीज. ट्रेनिंग नको, काही नको.

मात्र हिशेब करून बघा. एकाच यादीत पहिल्या आलेल्या पानाला १/६१, म्हणजे ०.०१६४ मिळतात. दोन्ही याद्यांत पन्नासाव्या आलेल्या पानाला २/११०, म्हणजे ०.०१८२! ‘ई-४०७ पंप बंद पडतो’ असं शोधलं की पंपाबद्दलची सर्वसाधारण पानं दोन्हीकडे असतात, आणि हवं ते पान फक्त बीएम२५च्या यादीत असेल तर त्यांच्याखाली दबतं. बेरजेत बीएम२५च्या यादीचं नुसतं वजन वाढवून हे पुरतं सुटत नाही. त्यामुळे प्रश्नात कोड दिसला, की मी बीएम२५ची पहिली काही पानं थेट वर ठेवतो.

शेवटी रीरँकर, म्हणजे आलेल्या निकालांचा क्रम नव्याने लावणारं मॉडेल. तो प्रश्न आणि परिच्छेद एकत्र वाचतो, त्यामुळे वरचा क्रम छान सुधारतो. पण संथ आहे, म्हणून वरच्या मोजक्याच निकालांवर लावायचा. आधीच्या दोघांनी जे आणलंच नाही, ते त्यालाही दिसत नाही. म्हणून निकाल चुकला, की आधी दोन्ही याद्या वेगवेगळ्या उघडून बघा, रीरँकर नंतर.