सेंट हेलियरची पायी सफर : साडेतीन तारे

मे महिन्याच्या सुरुवातीला सासूबाईंना घेऊन जर्सीला, इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातल्या ब्रिटिश राजसत्तेच्या बेटावर, गेले होते. ९ मेच्या मुक्तिदिनाची, म्हणजे १९४५ मध्ये बेट जर्मनांच्या ताब्यातून सुटलं त्या दिवसाची, तयारी चालली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं सेंट हेलियर, म्हणजे बेटाचं मुख्य शहर, दाखवणारी दोन तासांची पायी सफर आम्ही घेतली. तक्रारही करायची आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

रॉयल स्क्वेअरमध्ये गाइडबाई थांबल्या आणि म्हणाल्या, खाली बघा. पाऊस नुकताच पडून गेला होता. ओल्या फरशीत दगडांच्याच जोडणीतून उमटलेली अक्षरं : VEGA, आणि खाली 1945. बेट जर्मनांच्या ताब्यात असताना फरशी बसवणाऱ्या गवंड्यानं त्यांच्या नाकाखाली विजयाचा V बसवून ठेवला होता! बाकीची अक्षरं नंतरची. जून १९४४ मध्ये दोस्त फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या, तशी बेटाची रसद तुटली. डिसेंबरअखेर रेड क्रॉसचं 'वेगा' जहाज अन्नाची पार्सलं घेऊन आलं, त्याचं नाव त्या V ला जोडलं. जर्मन सैनिकही तेव्हा उपाशीच होते, पण ती पार्सलं लोकांपर्यंत पोचू दिली गेली. सासूबाई म्हणाल्या, "हे आधी सांगायला हवं होतं." मलाही तसंच वाटलं.

लिबरेशन स्क्वेअरमधला किस्सा मी विसरणार नाही. १९९५ साली ५० वर्षं झाली म्हणून तिथे शिल्प उभारलं. मूळ आराखड्यात माणसं कबुतरं उडवताना होती. त्या काळातून गेलेले म्हणाले, १९४५ पर्यंत कबुतरं उरली असती तर आम्ही ती खाल्लीच असती! म्हणून आता त्यांच्या हातात झेंडा आहे. समोरच पॉम दोर हॉटेल, युद्धात जर्मन नौदलाचं कार्यालय इथे होतं. ९ मे १९४५ ला त्याच्याच बाल्कनीत ब्रिटिश झेंडा लागला.

आता तक्रार. इथून पुढे बाईंची घाई झाली, पुढचा गट वाट बघत होता म्हणे. बाड वुर्त्साख या जर्मनीतल्या गावाबद्दल एकच वाक्य! सप्टेंबर १९४२ मध्ये हिटलरच्या हुकमावरून इंग्लंडात जन्मलेल्या कुटुंबांना बेटावरून उचलून जर्मनीत नेलं, त्यातली शेकडो माणसं या गावातल्या वाड्यात कोंडली होती. आणि २००२ पासून तेच गाव सेंट हेलियरचं जुळं शहर आहे. जिथे आपली माणसं डांबली, त्या गावाशी नातं जोडायला कोण पुढे आलं, आधी कोण नको म्हणालं? मी विचारलं तर "वेळ संपली" असं हसून उत्तर मिळालं. मला तरी झेंड्याच्या गोष्टीपेक्षा ही ऐकायची होती.

गट मोठा असतो. गाइडच्या अगदी जवळ उभे राहा, नाहीतर मागे काही ऐकू येत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना चाल जमते, पण बसायला कुणी थांबू देत नाही. सासूबाई शेवटी एकट्याच परत रॉयल स्क्वेअरला गेल्या. मी पोचले तेव्हा त्या छत्रीच्या टोकानं V गिरवत होत्या.