ताम्हणाची तीन रोपे, चार पावसाळे: रोपवाटिकेविषयी माझे मत

झाडांची रोपे विकणाऱ्या रोपवाटिकेविषयी मत द्यायचे असेल, तर रोप जमिनीत लावल्यानंतर किमान तीन पावसाळे जाऊ द्यावेत, असे मला वाटते; कारण विकत घेताना टवटवीत दिसणारे रोप मुळाशी कसे आहे, हे नंतरच कळते. पुण्याबाहेरील या रोपवाटिकेतून मी जुलै २०२१ मध्ये आमच्या सोसायटीच्या आवारासाठी ताम्हणाची तीन रोपे आणली. प्रत्येकाची किंमत अडीचशे रुपये होती आणि उंची सुमारे चार फूट.

पहिले श्रेय अचूक जातीचे. ताम्हण महाराष्ट्राचे राज्यपुष्प असल्याने त्याला मागणी आहे, परंतु दुसऱ्या एका ठिकाणी मला त्याच नावाने त्याचे चिनी भावंड, म्हणजे लागरस्ट्रोमिया इंडिका हे झुडूप दाखवले गेले होते. दोन्हींच्या चुणीदार पाकळ्यांमुळे फसगत होऊ शकते; मात्र झुडपाची पाने बोटाच्या दोन पेरांएवढी असतात, तर ताम्हणाची जवळजवळ वीतभर लांब. येथील माळीकाकांनी हा फरक न विचारता पाने हातात देऊन समजावला.

त्यांचा सल्लाही मोलाचा ठरला. ताम्हण मुळात कोकणातील आणि सह्याद्रीतील ओढ्या-नद्यांच्या काठचे झाड असल्याने पहिले तीन उन्हाळे आळ्यात पाणी कमी पडू देऊ नये, जागा भरपूर उन्हाची निवडावी आणि वीजतारांखाली ते लावू नये, असे त्यांनी सांगितले. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा, त्यात पोयटा, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड, वर पालापाचोळ्याचे आच्छादन, एवढ्यावर दोन रोपे उत्तम वाढली. फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून छाटणी पानगळीनंतर, पालवी फुटण्याआधीच करावी, हेही त्यांनी बजावले होते. आम्ही ते विसरलो, २०२४ च्या मार्चअखेरीस कोवळ्या फांद्या छाटल्या आणि त्या वर्षीचा बहर गमावला. यात रोपवाटिकेचा काहीही दोष नाही.

तिसऱ्या रोपाबाबत मात्र तक्रार आहे. दुसऱ्या पावसाळ्यात ते बांबूचा आधार असूनही कलू लागले. उपटून पाहिले तेव्हा मुख्य मूळ बुंध्याभोवती गोल गुंडाळलेले दिसले. म्हणजे रोप पिशवीत गरजेपेक्षा फार काळ राहिले होते. अशी गुंडाळी झालेले झाड वरून वाढत राहते, पण जमीन घट्ट धरत नाही, आणि मोठे झाल्यावर वादळात कोसळले तर खालून जाणाऱ्या माणसांना धोका असतो. मालकांनी वाद न घालता नवे रोप विनामूल्य दिले, हा प्रामाणिकपणा मला भावला. तरीही रोप पिशवीत कधी लावले याची नोंद चिठ्ठीवर हवी. ते बियांपासून केलेले आहे की कलम, हेही लिहिलेले नसते. बियांच्या रोपांत फुलांचा रंग कमी-अधिक होतो, त्यामुळे एकाच छटेची रांग हवी असणाऱ्यांची निराशा होईल. आमच्या दोन झाडांपैकी एकाची फुले गडद जांभळी, तर दुसऱ्याची फिकट गुलाबीकडे झुकणारी आहेत.

ही फुले यंदा, २०२५ च्या एप्रिलअखेरीस प्रथम आली. फांद्यांच्या टोकांना उभे तुरे, सहा चुणीदार पाकळ्या, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. महाराष्ट्र दिनाच्या सकाळी आवारातील मुले त्या झाडांखाली उभी होती आणि मला फार समाधान वाटले.

येथून रोप घ्यायचे असल्यास जूनच्या पहिल्या पावसानंतर जावे, पिशवीच्या तळाशी मुळे बाहेर आली आहेत का ते तपासावे आणि शंका आल्यास मुळे मोकळी करून दाखवण्याची विनंती करावी, ते दाखवतात. बदली मिळालेले रोप आम्ही तसेच तपासून घेतले होते. या जुलैत ते नऊ फुटांवर गेले आहे आणि सरळ उभे आहे.