राणीबाग की काळा घोडा? ठाण्याहून निघणाऱ्यांसाठी

गावाहून पाहुणे आले, किंवा आईबाबांना घेऊन एक दिवस निवांत घालवायचा असला, की आमच्या नौपाड्यात दोन नावं हमखास निघतात. एक भायखळ्याची राणीबाग आणि तिला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. दुसरं काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ज्याला घरातली मोठी माणसं अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात. कलाकुसर दोन्हीकडे आहे, झाडंही दोन्हीकडे आहेत. हाताशी एकच दिवस असेल तर कुठे जावं, एवढ्यापुरतंच लिहितो.

निव्वळ संग्रह पाहायचा तर काळा घोड्याचं पारडं जड, हे आधीच मान्य करतो. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या वस्तू, त्यातली चिनी-जपानी कलाकुसर, शिवाय मूर्ती, लघुचित्रं, शस्त्रं. इमारतही तशीच भारदस्त. वास्तुविशारद जॉर्ज विटेटने घुमट घडवताना विजापूरचा गोलघुमट डोळ्यांपुढे ठेवला आणि आतल्या लाकडी कमानी नाशिकच्या एका वाड्यातून आणल्या. मूर्तिकलेचा किंवा चित्रांचा ज्याला नाद आहे त्याने सरळ तिकडेच जावं. शिवाय बुधवारी बेत असेल तर प्रश्नच मिटला, कारण राणीबाग आणि भाऊ दाजी लाड दोन्ही बुधवारी बंद असतात.

तरी माझं मन भायखळ्याकडे झुकतं, आणि त्याचं कारण संग्रहालयाच्या आत नाही, स्टेशनच्या बाहेर आहे.

ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत सगळं सुरळीत होतं. बाहेर पडलं की ऊन आणि आईचे गुडघे. टॅक्सीवाल्याला ‘म्युझियम’ म्हटलं की तो नुसती मान हलवतो, भाडं जवळचं ना. दुसरा तर काच खालीच करत नाही. तिसरा विचारतो, ‘कुलाबा जाना है क्या?’ तोवर आई पदराने कपाळ पुसत म्हणते, ‘राहू दे रे, चालत जाऊ.’ मग फेरीवाल्यांमधून वाट काढत, सिग्नलला थांबत, दुकानांच्या पायऱ्यांवर टेकत आम्ही पोचतो, तेव्हा तिचा निम्मा दम संपलेला असतो आणि पुढे तीन मजले उभे असतात. आता भुयारी मेट्रोने हुतात्मा चौकापर्यंत जाता येतं, खरं आहे. पण लोकलमधून मेट्रोत जायचं म्हणजे पुन्हा वरखाली, आणि आई सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला घाबरते. धडधाकट माणसाला हे सगळं किरकोळ वाटेल, वाटावंही. आमचा मात्र दिवस इथेच बिघडायचा.

भायखळ्याला फास्ट गाडी थांबते. पूर्वेला उतरायचं आणि आईच्या चालीने रमतगमत बागेच्या फाटकाशी यायचं. टॅक्सीला हात दाखवायची वेळच येत नाही.

ही बाग मुळात माझगावच्या माउंट इस्टेट नावाच्या जागेवर उभी राहिली. 19 नोव्हेंबर 1862 ला तेव्हाच्या गव्हर्नरची पत्नी लेडी फ्रिअर हिच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. प्राणी नंतर आले, आधी झाडं होती, आणि मला अजूनही ती झाडांची बागच वाटते. सावकाश फिरलात तर गोरखचिंचेचं अवाढव्य खोड दिसेल. थंडी सरताना गेलात आणि नशीब असेल तर मूळ ब्रह्मदेशातल्या उर्वशी या झाडाच्या फुलांचे लालभडक झुबके लोंबताना दिसतील. एक गंमत मला फार आवडते. काळा घोडा चौकातला मूळ पुतळा, म्हणजे घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, 1965 मध्ये तिथून हलवून याच बागेत आणला. घारापुरीचा दगडी हत्तीही इथेच आहे. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला होता, 1914 मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जोडले. आमची भाची त्याच्या अंगावरचे सांधे शोधत बराच वेळ त्याच्याभोवती फिरली.

संग्रहालय 1872 चं. ते उभं राहावं म्हणून नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी पुष्कळ खटपट केली होती. आत शिरताच सोनेरी वेलबुट्टी, ओतीव लोखंडाचे खांब आणि रंगीत फरश्या अंगावर येतात, इतकं ते देखणं आहे. पण आटोपशीर आहे. तळमजला आणि वरचा मजला, संपलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या प्रयत्नांतून घडलेली, अजिंठ्याच्या नक्षीची मातीची भांडी पाहा. बिदरीचं काम जवळ जाऊन पाहा. काळ्या धातूत चांदीची तार इतकी सपाट बसवलेली असते की कुठे जोड आहे ते नजरेला सापडत नाही. वर मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांचे आणि धंद्यांचे मातीचे पुतळे आहेत. आई तिथेच सर्वांत जास्त रेंगाळली. एका पुतळ्याच्या पगडीची घडी तिला तिच्या आजोबांसारखी वाटली, आणि मग आजोबांच्या गोष्टी बाहेर बाकावर बसेपर्यंत चालू राहिल्या.

हे बाकावर बसणं माझ्या लेखी फार मोलाचं. पाहून डोळे शिणले की दोन पावलांवर शंभर-दीडशे वर्षांची सावली आहे. काळा घोड्यालाही आवार हिरवं आहे, पण पसरून दुपार काढावी अशी ती जागा मला तरी वाटली नाही.

राणीबागेला रविवारी आणि सुट्ट्यांना पेंग्विन पाहायला तोबा गर्दी असते, तेवढं सांभाळा. जमलं तर मंगळवार किंवा गुरुवार धरा. आधी संग्रहालय, मग बाग, कारण उलट केलं तर मुलं प्राण्यांपासून हलत नाहीत. तिकिटं दोन्हीकडची वेगळी काढावी लागतात. परतीला चारच्या आत भायखळा गाठलंत तर ठाण्याची स्लो पकडा. सीएसएमटीहून सुटून ती इथवर फारशी भरलेली नसते आणि वयस्कर माणसाला खिडकी मिळू शकते.