तीन सिटिंगमध्ये साफ
मनगटापासून चार बोटं वर एक मोरपीस, आणि त्याच्या देठाशी एक नाव. कॉलेजात असताना गोंदवून घेतलेलं. नाव कोणाचं ते विचारू नका. इंदूरच्या रामबागेतली माझी आत्या तेव्हाच म्हणाली होती, "गोंदण सरणापर्यंत सोबत येतं गं." तिच्या हातावर तुळस आहे, तेव्हा तिला ते म्हणायचा अधिकार.

गेल्या वर्षी ते घालवायचं मनावर घेतलं. विजयनगरच्या बाजूला एक स्किन क्लिनिक दिसलं. काचेचं दार, गुलाबी दिवे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दीदी, टेंशन मत लो, तीन सिटिंग में साफ." एकेक केली तर 10,000, आजच पॅकेज घेतलं तर तिन्हींचे 18,000. सराफ्यात भुट्ट्याचा कीस कोणाचा चांगला यावर तासभर भांडणारी मी, इथे पाच मिनिटांत यूपीआय करून मोकळी झाले.

डॉक्टर भेटलेच नाहीत. आधी जराशा जागेवर करून पाहणंही नाही. पांढरा कोट घातलेल्या मुलीने हातावर गार जेल फासलं, माझ्या डोळ्यांवर कापसाचे बोळे ठेवले आणि रुंद, चपट्या तोंडाचं यंत्र फिरवलं. चटक्यांनी जीव कळवळला. दुसऱ्या दिवशी फोड. फोन केला तर उत्तर, "नॉर्मल है, स्याही बाहर आ रही है." दहा दिवसांनी दुसरी सिटिंग. हो, गेले मी पुन्हा! पैसे भरलेले असले की माणूस दुखणंसुद्धा वसूल करायला जातो.

या वेळी फोड चिघळला. मग त्वचारोगतज्ज्ञ गाठल्या. हात पाहून त्यांनी पहिलंच विचारलं, "जेल लावलं होतं का?"

ते केस काढायचं यंत्र होतं. ते मिलिसेकंदांत मोजावी एवढा वेळ उष्णता देतं, त्यात शाई फुटत नाही, भोवतालची कातडी भाजते. टॅटूसाठी क्यू-स्विच्ड एनडी-याग किंवा पिको लेझर लागतो. क्यू-स्विच्डचा झटका सेकंदाच्या काही अब्जांश भागाचा, पिकोचा त्याहून लहान. शाईचे कण फुटतात आणि पुढे शरीरच ते हळूहळू वाहून नेतं. म्हणून दोन सिटिंगमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे जाऊ द्यायचे, आणि सिटिंगही बहुधा सहाच्या पुढे जातात. काळ्या शाईला 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर, लाल रंगाला 532. डोळ्यांवर त्या लेझरचा खास चष्मा हवाच, कापूस नव्हे. सावळ्या त्वचेवर डाग राहण्याची भीती जास्त, त्यामुळे आधी छोटी चाचणी. हे सगळं त्या क्लिनिकात पाच मिनिटं उभं राहून विचारता आलं असतं.

पैसे मागायला गेले तेव्हा पावती पहिल्यांदा नीट वाचली. 'ब्यूटी पॅकेज, नॉन-रिफंडेबल.' टॅटू हा शब्दच नाही, डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार केली, फोडांचे फोटो आणि काउंटरवरच्या मुलाचे 'तीन सिटिंग'वाले मेसेज जोडले. न झालेल्या तिसऱ्या सिटिंगचे 6,000 परत आले. बाकीचे बुडाले.

आता त्या डॉक्टरांकडेच चार सिटिंग झाल्या आहेत. नाव पुसट झालंय, भाजल्याचा पांढरा डाग मात्र तसाच आहे. मोरपिसाचा हिरवा-निळा डोळाही हटत नाही. त्याला 755 किंवा 694 नॅनोमीटरचं यंत्र लागेल आणि ते आपल्याकडे नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी, मी पैसे काढायच्या आत सांगितलं होतं.